होडीला पाजलेलं पाणी

मिस्त्रीच्या हातची होडी गळते, असं म्हणायला तळ्याकाठी कुणी धजत नसे. म्हटलंच तर तो अबोला धरी, आणि त्याचा अबोला कुणाला परवडणारा नव्हता, कारण होड्या बांधणारा दुसरा माणूसच तिथे नव्हता. स्वभावाने तिरसट, पण हात सोन्याचा. बायको गेल्यावर लेकीला त्याने कामाच्या शेडमध्येच वाढवलं. भुशात खेळता खेळता ती फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासायला कधी शिकली, हे त्यालाही कळलं नाही.

नवी होडी तयार झाली की तो ती लगेच चालवायला देत नसे. काठालगतच्या उथळ पाण्यात नेऊन, आत धोंडे भरून, चक्क बुडवून ठेवी. कोरडं लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात आणि मग होडी गळत नाही. याला तो होडीला पाणी पाजणं म्हणे. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला आलं तरी पोटभर पाणी प्यायल्याशिवाय त्याची होडी बाहेर निघत नसे.

पण तळंच आटत चाललं होतं. का, म्हणून विचाराल तर जितकी तोंडं तितकी कारणं. शाळेचे मास्तर म्हणत, उन्हाळे कडक झालेत, पाऊस लहरी झालाय, तळ्यात येतं त्याहून जास्त पाणी वाफ होऊन जातं. मासे धरणारे वरच्या धरणाकडे बोट दाखवत, कारण तळ्याला मिळणारी नदी तिथे अडवून कालव्यांनी शेतांकडे वळवली होती. शेतकरी दोघांनाही वेड्यात काढत. खरं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि तरी कुणी काही करत नव्हतं. मिस्त्रीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. होड्यांची मागणी कमी झाल्यावर त्याने पाण्याच्या मोटारी ठेवायचे तराफे बनवायला घेतले. पाणी मागे सरकलं की मोटारही तराफ्यासकट त्याच्या मागे जायची आणि उरलंसुरलं उपसायची. पोट कुणाला चुकलंय? पण संध्याकाळी त्या मोटारींची घरघर सुरू झाली की तो उठून शेडचं दार लावून घेई.

जावई मासे धरायचा. जाळ्यात मासळीपेक्षा चिखलच जास्त यायला लागला, तेव्हा त्याने शहरातल्या एका गोदामात काम शोधलं. राहायला खोलीही मिळत होती. लेकीचा मात्र पाय निघेना. अडचण अशी की त्यांची जुनी होडी खोल बुडाची, जागोजागी रुतायची. मिस्त्री म्हणाला, उथळ पाण्यातही चालेल अशी सपाट बुडाची होडी बांधून देतो, मग बघा. जावई भला माणूस. होडी तरंगली तर राहतो, म्हणाला. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं. शेडमध्ये आयुष्यभर कुणाला मोठ्याने बोलू न देणारा हा माणूस, भोवती नाचणाऱ्या नातीच्या गाण्याला मान डोलवत फळ्या तासू लागला.

होडी झाली, आणि झकास झाली. मिस्त्रीने ती नेहमीच्या जागी नेली, धोंडे भरले आणि बुडवली. पाणी जेमतेम होडीच्या काठापर्यंत पोचत होतं. जावई म्हणाला, बाबा, जरा आत नेऊ या, मध्ये खोल आहे. मिस्त्रीने त्याला उडवून लावलं. माझ्या बापानेही होड्यांना इथेच पाणी पाजलं, म्हणाला. त्यानंतर लगेचच त्याला ऊन बाधलं आणि तो तापाने अंथरुणाला खिळला. त्याच सुमारास कालव्यांना पाणी पुरेना, म्हणून धरणाचे नदीकडचे दरवाजे बंद केले गेले. वरून ऊन आग ओकत होतंच.

जरा शुद्धीवर आला की म्हातारा एकच विचारी, होडी पाण्यात आहे ना? लेक म्हणे, आहे बाबा, पितेय. आणि नजर चुकवून त्याची उशी सारखी करी.

ताप उतरल्यावर एका सकाळी, घरात कुणी नाही असं पाहून, तो काठी टेकत तळ्याकडे निघाला. नेहमीच्या जागी पाणी नव्हतं. ते पार लांब गेलं होतं आणि मध्ये नुसता भेगाळलेला चिखल होता. त्यात धोंड्यांच्या ओझ्याने रुतलेली होडी, आणि होडीत बादली रिकामी करणारी त्याची लेक. फळ्यांवर तिने ओली गोणपाटं अंथरली होती. बादली घरातली होती, आणि तिच्यातलं पाणी टँकरचं, प्यायचं.

मिस्त्रीने एक गोणपाट उचललं. सांध्यावर बोट फिरवलं, तर बोट आत गेलं. उन्हाच्या बाजूची फळी टोकापर्यंत उकलली होती. आत खोल नेली असती तर होडी वाचली असती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो होडीच्या काठावर बसला आणि लेकीसमोरच रडला.

"रोज घालतेय बाबा," ती म्हणाली. "बुजतील सांधे. अजून थोडं थांबू."

"मग घरात प्यायला काय ठेवतेस?"

तिचे ओठ फुटलेत, हे त्याला आत्ता दिसलं. तापात त्याने मागितलं तेव्हा तेव्हा उशाशी तांब्या भरलेला असायचा.

शेजारी दुसरी बादली भरलेली होती. तिने ती उचलली, तेव्हा त्याने तिचा हात धरला.

"होडी गेली, पोरी. माझ्या हट्टापायी गेली. हे पाणी घरी ने, लेकराला पाज. आणि सामान बांधायला घे. जावईबापूंना सांग, मीच जा म्हणालो."

"आणि तुम्ही?"

"मी हे धोंडे काढतो. भरलेली होडी अशी टाकून जात नाहीत."

पाणी सांडू नये म्हणून ती हळूहळू काठ चढू लागली. तिचा चेहरा दिसला तर आपण तिला थांब म्हणू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती चढण संपवून दिसेनाशी होईपर्यंत तो वाकून धोंडे उचलत राहिला आणि त्याने मान वर केली नाही.