अंगणाबाहेरची ट्रायल

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा मी जिंतूरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. बाबा बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री. बसचा डिफरन्शल, म्हणजे मागच्या दोन चाकांमध्ये जोर वाटून देणारा तो जड लोखंडी गोळा, उघडावा तर त्यांनीच. परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या सहा महिन्यांत हात-पाय हलवले तर हलवले, नाहीतर पुढं अवघड आहे." त्यातले चार महिने बाबांनी बाजेवर घालवले होते. काठी घेऊन न्हाणीपर्यंत जायचे, पण फाटकाबाहेर पाऊल नाही. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी नालीत भिरकावला.

"मी काय लेकरू हाय का?"

मी रोज चिडायचे, त्यांच्यावर आणि त्यांची बाजू घेणाऱ्या आईवर. खरं तर मला भीती वाटत होती. भीती वाटली की मी भांडते, ही माझी जुनीच खोड.

माझा धाकटा भाऊ आखातात नोकरीला होता. त्यानं एका ओळखीच्या माणसाबरोबर रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी पाठवली. सोबत चिठ्ठी, 'खिट्ट्या दाबून बाबांच्या बोटांना व्यायाम होईल.' एका खिट्टीनं गाडी पुढं-मागं जायची, दुसरीनं वळायची. बाबांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

मग मी ठरवलं, आपणच चालवून दाखवायची. पण ती गाडी गुळगुळीत फरशीसाठी केलेली, आणि आमचं अंगण काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. पहिल्याच भेगेत गाडी नाक खुपसून बसली. मी जुन्या रबरी चपलांचे तळ गोल कापले, दोन-दोन एकावर एक चिकटवले आणि मूळ चाकांच्या दीडपट चाकं बसवली. आता गाडी भेगांवरून जाईल असं वाटलं, तर ती जागची हलेना. नुसती गुरगुरायची.

आमच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. जातं हळू फिरायला लागलं की गिरणीवाला मोटारीवरची पुली मोठी बसवायचा, हे मी लहानपणापासून बघत आलेले. तोच हिशोब मी इथं लावला. स्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं जुन्या टेपरेकॉर्डरची दातेरी चक्रं डबाभर पडलेली असायची. तो डबाच उचलून आणला. मोटारीवर दहा दातांचं चक्र होतं, तिथं मोटारीचे स्क्रू ढिले करून चौदा दातांचं बसवलं. बटण दाबलं. गाडी दोन बोटं सरकली आणि तिच्यातून जळका वास आला.

"बंद कर! मोटार जाळायलीस का?"

बाबा ओसरीतल्या बाजेवर उठून बसले होते. चार महिन्यांत एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"गणिताची मास्तरीण म्हणं! चाक मोठं केलंस, तिथंच मोटारीवर बोजा वाढला. वरून तू तिचं चक्र बी वाढवलंस. आता तिनं वडायचं कसं? मोटारीचं हाय ते पुन्हा बसव. डिफरन्शलवरचं मोठं घाल. मोटार लय फिरू दे, चाक कमी फिरू दे. आण इकडं."

एवढी बोलणी खाऊन इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नसेल.

मी गाडी उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. आत बसच्यासारखाच, सुपारीएवढा डिफरन्शल होता. बाबा त्याच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "वा रे पठ्ठे!" मी गाडी धरली आणि त्यांनी डाव्या हातानं तो स्वतः उघडला. डब्यातली चक्रं त्यांनी गोधडीवर ओतायला लावली. "दात मोजू नको, दाताची जाडी जुळती का बघ." जुळणारं एक मोठं चक्र सापडलं. ते बसायला मोटार आणखी मागं सरकवावी लागली, म्हणून मी तापल्या दाभणानं तिच्या स्क्रूची भोकं लांबवली.

दातात दात नीट बसले की नाही ते बघायला वर्कशॉपमध्ये कागदाची पट्टी घालायचे. पट्टीवर ठसा उठावा, पण ती फाटू नये. बाबांनी विडीच्या बंडलाचा कागद फाडून घेतला. डाव्या हातात गाडी होती, म्हणून कागद उजव्या हाताच्या दोन बोटांत धरला. बोटं थरथरत होती, पण कागद सुटला नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. मी आईकडं बघितलं. तिनंही ते बघितलं होतं.

ठसा उठला, कागद फाटला नाही. गाडी जोडली.

"आणा, गल्लीतून फिरवून आणते," मी म्हणाले.

"तू?" बाबा भडकले. "उघडला कुणी?"

त्यांच्या वर्कशॉपचा रिवाज आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. डिफरन्शल ज्यानं उघडला, ट्रायल त्यानंच घ्यायची. चारठाण्याच्या फाट्यापर्यंत बस स्वतः नेऊन आणल्याशिवाय बाबांनी कधी गाडी सोडली नव्हती. मी रिमोट पुढं केला.

आईनं रिमोटला नाडी बांधून तो बाबांच्या गळ्यात अडकवला. डाव्या हातात काठी, उजवा अंगठा खिट्टीवर. गाडी निघाली आणि फाटकाबाहेर गेली. रिमोट आठ-दहा पावलांच्या पुढं चालायचा नाही. गाडी थांबली. बाबाही फाटकात थांबले.

मग त्यांनी पाऊल बाहेर टाकलं.

नव्या चक्रामुळं गाडी सावकाश जात होती, बाबांच्या चालीनंच. उजवा पाय मातीत रेघ ओढत होता. गिरणीवाला भुवयांवरचं पीठ पुसत बाहेर आला.

"उस्ताद, कुठं निघालात?"

"ट्रायल हाय," बाबा म्हणाले आणि पुढं गेले.

मी मागून चालत होते, पदरानं डोळे पुसत. गिरणीच्या कोपऱ्यावर ते थांबले. धाप लागली होती. मला वाटलं, आता परत चला म्हणतील.

"माय," ते रस्त्याकडं बघत मला म्हणाले, "सेल जास्तीचे आणून ठेव. फाटा लांब हाय."