सुतळी माझी, गाठ तिची

विमल गेल्याचं मला शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून कळलं. तोवर तिथं हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. एकाच शाळेत, एकाच विषयाला, शेजारशेजारच्या वर्गांत आम्ही दोघींनी उभी हयात काढली, आणि मला फोन करावा असं कुणाला सुचलं नाही... खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. विमल तुपे गणित शिकवायची, मीही गणितच शिकवायचे. पण गावभर ‘गणिताच्या बाई’ म्हणजे तुपेबाई. मी देशपांडेबाई, म्हणजे ‘त्यासुद्धा गणितालाच होत्या, नाही का?’ यातली. आता महिना होत आला, आणि शाळेच्या अंकासाठी तिच्यावर लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. गेल्यावरसुद्धा कौतुक तिचंच, आणि तेही माझ्या हातून!

माझे वडील गणिताचे मास्तर. त्यामुळे गणित ही आमच्या घरची मिरास आहे असा माझा लहानपणापासूनचा समज. ही देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याची मुलगी. आवाज खणखणीत, बोलणं गावाकडचं, आणि ते शहरात येऊन तिनं जराही बदललं नाही. नोकरीला लागून महिना झाला नसेल, तोच एका शनिवारी लाकडी स्टूल उचलून ती सरळ माझ्या वर्गात शिरली आणि मागं जाऊन बसली. न विचारता! तास संपल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, “माझ्या चुका काढायला आला होतात का?” तर हसून म्हणाली, “तुमच्याकडं कोन बघतंय बाई? मी पोरांकडं बघाया आले व्हते. उद्या-परवा तुमी या माझ्या वर्गात. माझीबी पोरं बघा.”

तिथून ती रीत पडली. गणिताच्या आम्ही सगळ्या मिळून एक पाठ बसवायचो, एकीनं तो शिकवायचा आणि बाकीच्यांनी वर्गात विखरून एकेका बाकाशेजारी बसायचं. विमलचे दोनच नियम होते. पोरगं चुकत असलं तरी बघणारीनं त्याला सांगायचं नाही, आणि नंतर चहाला बसल्यावर शिकवणारीबद्दल बरंवाईट काहीही बोलायचं नाही; फक्त पोरांनी काय केलं तेवढंच सांगायचं. दुसरा नियम मला जड जायचा. आपण जीव तोडून शिकवावं आणि कुणी ‘छान’ म्हणू नये, हे कसलं शिकणं? शाबासकीची भूक मला होती, आणि विशेषतः तिच्याकडूनच होती, हे तिला ठाऊक असणार. तरी तिनं कधी ती दिली नाही.

सुतळीची कल्पना माझी. हे मला इथं ठळकपणे लिहायचंय. परिमिती तेवढीच राहिली की क्षेत्रफळही तेवढंच राहतं, असं सहावीच्या मुलांना हमखास वाटतं. मी घरून सुतळी आणली, तिची दोन्ही टोकं बांधून मोठं कडं केलं आणि चार मुलांना चार कोपरे धरायला लावले. गाठ सारखी सुटायची, म्हणून विमलनं मागून येऊन ती नव्यानं मारली आणि परत स्टुलावर जाऊन बसली. चौकोन चौरस केला, मग लांबट केला, फळ्यावर आकडेमोड केली. सुरुवातीला वर्ग एका सुरात “तेवढंच, बाई!” म्हणाला होता, शेवटी तितक्याच जोरात “कमी झालं, बाई!” म्हणाला. मी तरंगतच चहाला गेले.

विमलची पाळी आली. “दुसऱ्या बाकावरची ती दोन वेन्यांची पोरगी,” ती म्हणाली, “‘तेवढंच’ म्हनताना जेवढी वरडली, तेवढीच ‘कमी झालं’ म्हनताना वरडली. तिला काय बी कळलं नव्हतं. पन सुतळी गुंडाळायच्या आदी ती उगं मधी जाऊन हुबी राहिली. कोपऱ्यावरल्या पोरांनी सुतळी लांबट वढली, तशी तिच्या अंगाला घासली. तवा तिनं खाली बघितलं, अन् मंग तिचं तोंड बदललं. लई बघण्यासारखं व्हतं ते.”

“मला कसं नाही दिसलं?”

“तुमी फळा पुसत व्हत्या.”

पुढच्या शनिवारी तिनं तिच्या तुकडीत सुतळीच्या आत मुलंच उभी केली. चौरसात मावली तितकी मुलं लांबट चौकोनात मावेनात, एकमेकांवर पडू लागली, बाहेर फेकली गेली. काय हशा, काय गोंगाट! मी शेजारून सगळं बघत होते आणि मनातून जळत होते. त्या दिवसापासून तो ‘तुपेबाईंचा पाठ’ झाला. मी वर्षानुवर्षं भांडले, “सुतळी माझी आहे!” ती तितक्याच गंभीरपणे म्हणायची, “व्हय की. पन गाठ?” ‘अहो’वरून ‘अगं’वर आलो, केस पिकले, निवृत्त झालो, तरी हे भांडण संपलं नाही. दोघी गुलमंडीच्या बाजारात कापड घ्यायला गेलो की दर दुकानातून कुणीतरी “तुपेबाई!” म्हणत धावत यायचं, आणि मी तिच्या पिशव्या धरून उभी. त्यातले निम्मे माझ्याही वर्गात बसलेले असायचे...

शोकसभेत जो बोलायला उठला तो सुतळीबद्दलच बोलला. नंतर नव्या मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, “तो पाठ आमच्या शिक्षकांना एकदा बघायचाय. तुम्हाला येतो का हो तुपेबाईंचा पाठ?” येतो का! मागच्या शनिवारी गेले. तिचं स्टूल अजून शेवटच्या बाकामागंच आहे. त्यावर कुणी बसलं नाही, मान म्हणून रिकामं ठेवलं होतं. नवे शिक्षक भिंतीला टेकून मोबाइलवर माझं शूटिंग करत होते. पाठ मस्त रंगला. मुलं एकमेकांवर पडली, हसली, ओरडली. “मॅडम, काय सुंदर शिकवलंत!” सगळे म्हणाले. जे ऐकायला आयुष्यभर तरसले, ते एका दमात पदरात पडलं. मी विचारलं, “ती खिडकीजवळची मुलगी शेवटी गप्प का झाली?” कुणाचंच लक्ष नव्हतं. मी तर फळ्याकडं वळले होते; परत वळले तर ती गप्प झालेली.

मुख्याध्यापिका सुतळी गुंडाळत म्हणाल्या, “तुपेबाईंची ही आठवण नीट जपून ठेवायला हवी.”

“सुतळी माझी आहे,” मी म्हटलं. जरा चढ्या आवाजातच म्हटलं.

“हो का? बरं बरं,” म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मी सुतळी पिशवीत टाकली आणि त्या स्टुलाकडं पाहिलं. गाठीचं कुणीच काही विचारलं नाही.