उमरावाच्या बायकोचं पत्र

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही हॅनोव्हरला होतो. ह्यांची तिथल्या विद्यापीठात यंत्रशास्त्रात डॉक्टरेट चालू होती आणि मी भाड्याच्या एका खोलीत जर्मन शिकत दिवस ढकलत होते. पुण्याला मी इतिहास घेऊन एम. ए. केलं होतं. इंग्लंडचा ट्यूडर काळ हा माझा खास विषय, पण त्याचा जर्मनीत काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. ह्यांच्या मार्गदर्शकांनी एकदा सहज माझी चौकशी केली, आणि महिन्याभरात त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त प्रोफेसरांकडे मला काम मिळालं.

हे प्रोफेसर एका इंग्रज उमरावाचं चरित्र लिहीत होते. सहा लग्नं करणाऱ्या त्या राजाच्या दरबारातली ही मोठी असामी. त्याच्या घराण्यातल्या पत्रांचे फोटो त्यांनी इंग्लंडहून मागवले होते. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी, तेही घाईत ओढलेल्या हस्ताक्षरात. प्रोफेसरांना छापील इंग्रजी येत होतं, हे वाचता येत नव्हतं. माझे वडील सरकारी दप्तरात मोडी वाचायचे आणि लहानपणी त्यांनी ती मलाही शिकवली होती. एकात एक गुंतलेली अक्षरं सोडवायची सवय डोळ्यांना होती, त्यामुळे पंधरा-वीस दिवसांत ती पत्रं मला लागायला लागली.

आठवड्यातून तीन दुपारी मी ट्रामने त्यांच्याकडे जायची. मी वाचून जर्मनमध्ये सांगायचं आणि त्यांनी उतरवून घ्यायचं. त्यांच्या एकेक सवयी मला पहिल्या दिवसापासून सोसल्या नाहीत. ज्या चाकूने पाइपमधला काळा चिकटा खरवडायचे तोच पँटला पुसून सफरचंद कापायचे आणि एक फोड माझ्यापुढे करायचे. बोट जिभेला लावून पान उलटायचे आणि तेच ओलं पान माझ्या हातात द्यायचे. चार वाजता त्यांच्या पत्नी कॉफी आणि केक घेऊन यायच्या. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘फ्राऊ प्रोफेसर’ म्हणायची. ट्रे ठेवून त्या भिंतीशी उभ्या राहायच्या. त्यांना कोणी बसा म्हणत नसे.

पुण्याला मी शिकले होते ते सनावळ्या आणि तह. इथे माणूस दिसायला लागला. राजाने पंथ बदलला तसा ह्या उमरावाने बदलला. मठ मोडले गेले तेव्हा दोन मठांच्या जमिनी ह्याच्याकडे आल्या. पुढे गादीवर आलेल्या राजाच्या मुलाने ते बदल आणखी पुढे नेले, हा त्याच्याबरोबर गेला. मग राणी झालेल्या राजाच्या मुलीने सगळं मागे फिरवलं, हा गुडघे टेकून मागे फिरला. स्वतःची दहा वर्षांची मुलगी त्याने चाळिशीच्या विधुराला देऊ केली होती. ती तापाने आजारी पडली तेव्हा ह्याने होणाऱ्या जावयाला विचारलं की मोठी गेली तर धाकटी चालेल का.

प्रोफेसरांना ह्या सगळ्याचं भारी कौतुक. “गेनाऊ!”, अगदी बरोबर, म्हणून मांडीवर थाप मारायचे. एवढ्यांची डोकी उडाली आणि हा अंथरुणात मेला, ह्यातच त्याची थोरवी आहे, असं ते म्हणायचे. घर टिकवणं म्हणजे काय हे आजच्या लोकांना कळत नाही, हेही वरचेवर ऐकवायचे.

एकदा त्याच्या मुलाचं पत्र निघालं. पोरगा राजाच्या मर्जीतून उतरून कैदेत पडला होता. त्याने बापाला लिहिलं होतं की भिंतींना पाणी सुटलंय, एक कांबळं पाठवा. कागदाच्या मागच्या बाजूला बापाच्या हातच्या दोन ओळी होत्या. मला वाटलं उत्तराचा मसुदा असेल. ती कारभाऱ्याला सूचना होती: शिकारीचा ससाणा नीट खात नाही, त्याला कबुतराच्या छातीचं ताजं मांस द्यावं. मी ते वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला. प्रोफेसर हसले आणि म्हणाले, हे नको घ्यायला, उगाच गैरसमज होईल.

हिवाळ्याच्या शेवटी उमरावाच्या बायकोचं पत्र हाती लागलं. तिच्या सख्ख्या भावावर राजद्रोहाचा आळ आला होता. न्याय करायला जे सरदार बसले त्यांत तिचा नवरा होता आणि मेव्हण्याच्या देहदंडाला त्याने सगळ्यांत आधी होकार दिला. मग महिन्याच्या आत त्याने राजाकडून मेव्हण्याच्या घरातली जप्त झालेली चांदीची ताटं मागून घेतली. पत्र तिने नवऱ्यालाच लिहिलं होतं, एकाच घरात राहून. ताटांवरची माझ्या माहेरची खूण तुम्ही घासून काढलीत, पण बोटांना ती लागते, असं तिने लिहिलं होतं. तुमच्याबरोबर जेवायला बसते तेव्हा मी माझ्या भावाच्या ताटात जेवत असते, आणि जेवून उठल्यावर जाऊन ओकते.

मी हे सांगत असताना प्रोफेसरांचा फोन वाजला आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. फ्राऊ प्रोफेसर भिंतीशी उभ्या होत्या. त्या टेबलाशी आल्या आणि मला म्हणाल्या, “पुन्हा वाचा. सावकाश.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी एप्रनला हात पुसले, जरी ते कोरडेच होते.

“मलाही भाऊ होता,” त्या म्हणाल्या. “शाळेत शिकवायचा. महायुद्धाच्या शेवटी शेवटी इथेच जेवायला बसला असताना म्हणाला, हे युद्ध आपण हरलोय. असं बोलणं तेव्हा गुन्हा होता. पुढे सरकारची माणसं चौकशीला आली. ह्यांनी लिहून दिलं की हो, असं म्हणाला. आम्हाला तो परत दिसला नाही.”

मी एवढंच विचारलं की तरी तुम्ही इथेच कशा राहिलात.

“कुठे जाणार होते? सगळं शहर जळत होतं,” त्या म्हणाल्या. “ते म्हणतात, मी खोटं कुठे बोललो? तेही खरंच आहे.”

प्रोफेसर परत आले तेव्हा त्या ट्रे घेऊन गेल्या होत्या. त्या दिवशी ट्राममधून दोन थांबे आधी उतरून मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. त्या घरात खाल्लेला केकचा प्रत्येक तुकडा आठवत होता.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, अहो, मला तिथे जायचं नाही. ह्यांचा चेहरा उतरला. प्रोफेसर ह्यांच्या मार्गदर्शकांचे जुने स्नेही, आणि प्रबंध तपासायला जायचा होता. हे म्हणाले की तुला पत्रं वाचायला बोलावलंय, निवाडा करायला नाही. थोडे दिवस काढ. मी काढले. तीन आठवडे त्याच खुर्चीत बसून वाचत राहिले. कॉफी मात्र पोट बरं नाही म्हणून घेत नव्हते. त्या उमरावाची किळस होती, प्रोफेसरांची होती, आणि दर खेपेला दारात पाय पुसून आत जाताना माझी स्वतःचीही येत होती.

ह्यांचा प्रबंध तपासून परत आला त्याच आठवड्यात प्रोफेसरांनी पुस्तकातलं मेव्हण्याच्या खटल्याचं प्रकरण टाइप करायला काढलं. बायकोच्या पत्राचं मी केलेलं भाषांतर त्यात नव्हतं. मी विचारलं.

“आल्झो, हे बघा, बाईमाणसाचं रडगाणं आहे ते,” ते म्हणाले. “त्याने इतिहासात काय भर पडते?”

“हे पत्र नसेल तर मी पुढचं वाचणार नाही,” मी म्हणाले.

त्यांना राग आला नाही, गंमत वाटली. तुमच्या देशातल्या बायका बऱ्याच तापट दिसतात, असं म्हणून ते पाइप खरवडायला लागले. मी कोट चढवला. दारापाशी फ्राऊ प्रोफेसरांनी हळू आवाजात विचारलं की त्या पत्राची एक प्रत मला मिळेल का. मी घरी जाऊन ते आठवून स्वच्छ अक्षरात जर्मनमध्ये लिहून काढलं आणि त्यांच्या नावाने पोस्टात टाकलं. पोचलं का, कोणी फोडलं, मला कळलं नाही.

वर्षभराने त्या मला बाजारात दिसल्या. त्या प्लम निवडत होत्या, एकेक दाबून. ह्यांचे दात गेलेत, मऊच लागतात, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलेलं मी ऐकलं. पत्र हातात पडल्यावर त्या घर सोडतील असं मी मनाशी धरून बसले होते. त्यांना तसं पाहिल्यावर मला त्यांचीही शिसारी आली. मी ओळख न दाखवता दुसऱ्या रांगेत गेले. त्या बाईने काय काय गिळलं असेल हे ठाऊक असून मी असं केलं, ह्याची लाज मला बरीच उशिरा वाटली.

पुस्तक छापून आलं तेव्हा त्याची एक प्रत आमच्या पत्त्यावर आली. प्रस्तावनेत माझे आभार होते, नावानिशी आणि भरघोस विशेषणांसकट. उमरावाच्या बायकोचा उल्लेख एका ओळीत होता: स्वभावाने कडवट आणि पतीला त्रासदायक. कांबळ्याचं पत्र कुठेच नव्हतं. मी ते पुस्तक कागदात गुंडाळून कपाटावर टाकलं. ह्यांनी ते काढून कौतुकाने पुण्याला सासऱ्यांकडे धाडलं. सासऱ्यांनी ते बैठकीच्या खोलीत काचेमागे ठेवलं, आणि आम्ही परतल्यावरही येईल त्या पाहुण्याला प्रस्तावनेचं पान उघडून माझं नाव दाखवायचे. मी चहा देऊन आत जायची. आत काय छापलंय ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.