ताईची किडनी

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा नाहूरहून ताई आली आणि म्हणाली, "माझी घे."

माझा विमा होता. पण ऑपरेशननंतरच्या तिच्या तपासण्या त्यात बसत नव्हत्या. "त्या पेशंट नाहीत ना," विमा कंपनीचा माणूस म्हणाला. मी भडकलो. ताई हसली. "बरोबर बोलतोय रे तो. मी कुठे आजारी आहे?"

मी शुद्धीवर आलो, तेव्हा पलंगाला लावलेली लघवीची पिशवी भरत होती. तिची किडनी माझ्या पोटात कामाला लागली होती. मी बघतच राहिलो. मग ताई टाके सांभाळत, भिंत धरत आली. "चालतेय ना रे नीट?"

मी पिशवीकडे बोट दाखवलं.

तिच्या तपासण्या अजूनही विम्याबाहेरच आहेत. दर वेळी मी सोबत जातो आणि एवढं देऊन ही इतकी साधी कशी राहते, याचा अचंबा करत बाहेर बसतो.