खिडक्या कोणाच्या होत्या

"याचा हात लागला, म्हणून माल नासला."

आमच्या टोळीचे मुकादम, आबा, रावेर स्टेशनच्या मालधक्क्यावर माझ्याकडे बोट दाखवून बोलले. समोर केळीचा व्यापारी. मागे टोळी. बाकी सगळे गावातले, मी एकटा बौद्धवाड्यातला. हिरव्या केळीची वॅगन दिल्लीला उघडली तेव्हा आत चिखल झाला होता. खिडक्या बंद राहिल्या होत्या. वारा नाही. उबेनं माल गेला.

भरताना मी विचारलं होतं, "आबा, खिडक्या कोण पाहणार?"

"बठ्ठ्यांनी पाहायच्या. आपल्यात काय वाटणी शे का?"

बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्यांनी, म्हणजे कोणीच नाही. टोळीची रीतच ती. काम सगळ्यांचं, नासलं की एकाचं. तो एक कोण, हे जन्मानंच ठरलेलं.

आबांपेक्षा मला टोळीतला रामदास छळतो. आम्ही एका काडीवर विड्या पेटवायचो. माझा प्रश्न त्यानं ऐकला होता. पण त्या दिवशी तो वॅगनमध्ये अंथरायची केळीची सुकी पानं निवडत राहिला. मान वर केली नाही. अजून झोपेत ती पानं वाजतात. मी दचकून उठतो.

पुढची वॅगन लागली. मी गेलो, पण घडाला हात लावला नाही. माणसं कमी होती, गाडी सुटायची वेळ जवळ येत होती. सौदा कधी अडवायचा, हे मला तेव्हाही कळायचं.

"आधी मोठ्यानं सांगा. घड कोण वाहणार, रचणार कोण, खिडक्या कोण उघडणार. नावानिशी."

"माजला का रे?"

"हो. सांगा."

आबांनी दातओठ खात एकेक नाव घेतलं. खिडक्या त्यांच्या भाच्याकडे.

"आता मागच्या वॅगनचं सांगा. खिडक्या कोणाच्या होत्या?"

आबा जवळ आले. "कोणाच्याच नव्हत्या, भाऊ. चढ आता."

पहिल्यांदा भाऊ म्हणाले. तेही कानात. डाग चारचौघांत, भाऊ कानात.

"मोठ्यानं."

बोलले नाहीत. मी धक्का उतरलो.

आता माझी स्वतःची टोळी आहे. रावेरपासून धुळ्यापर्यंत ट्रक भरते. पहिला घड उचलण्याआधी प्रत्येकाचं काम सगळ्यांसमोर बोललं जातं. माझंही. आबा थकलेत. बाजारात भेटले की म्हणतात, "जाऊ दे ना आता."

जाऊ देणार नाही. व्यापारी जिवंत आहे, रामदास जिवंत आहे. त्यांच्या समोर, त्याच धक्क्यावर, आबांनी आपलं वाक्य परत घ्यायचं. मोठ्यानं. यात घासाघीस नाही.