पिशवीतून फिरणारं पिल्लू

कुत्र्याचं आधीचं पिल्लू रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत गेलं. त्यानंतर बाबांनी सकाळचं फिरणं सोडलं. रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्यभर रुळांवरून चाललेला माणूस पूर्णा गावातल्या घरात खुर्चीत बसून राहू लागला. दुसरं पिल्लू आणलं तेव्हा हे जगवायचंच, असं मी ठरवलं.

शेवटची लस टोचून जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: आज विश्रांती. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. लस लगेच काम करत नाही, म्हणून अजून दोन आठवडे रस्त्यावर सोडू नका. रोग मोकाट कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरतो, चपलांना लागूनही घरात येतो.

संध्याकाळी पिल्लाच्या खांद्यावर गाठ आली. बाबा तव्यावर फडकं तापवताना सापडले.

"बाबा, शेकायचं न्हाई म्हणलंय."

"तुला इंजेक्शन दिलं की मीच शेकायचो. मेलीस का?"

ते फडकं मी त्यांच्याच गुडघ्यावर ठेवलं. गाठ आपोआप बसली.

पिल्लाचा व्यायाम गच्चीवर व्हायचा. जुन्या मोज्याला गाठ मारून तो फेकायचा, पिल्लानं पळत जाऊन आणायचा, दमलं की थांबायचं. जिन्याखाली चपला काढायचा नियम बाबांना पटला नाही.

"गच्ची काय बुद्धविहार हाय का?"

"तसंच समजा."

गाडीच्या भोंग्याची, माणसांची सवय व्हावी म्हणून मी त्याला भाजीच्या पिशवीत घालून स्टेशनपर्यंत नेत असे. पिशवीतून त्याचं फक्त डोकं बाहेर असायचं. शेजारच्या मावशी ओट्यावरून विचारायच्या, "काय ताई, कुत्रं किलोनं मिळालं का?"

"लय महाग हाय, मावशी."

दोन आठवडे सरले. पिल्लू खात होतं, खेळत होतं. बाबा बूट घालून फाटकाशी उभे राहिले. मी पट्टा बांधून पिल्लाला गल्लीत सोडलं. ते पाय पोटाशी घेऊन बसलं, मग वळून माझ्या हातातल्या पिशवीत डोकं खुपसू लागलं.

"घे आता. पांगळं केलंस त्याला."

मी पिशवीची घडी घालून ती दाराआडच्या खिळ्याला अडकवली. पट्टा बाबांच्या हाती दिला.

"तुमी चाला. ओढू नका, अन् उचलू तर अजिबात नका."

बाबा दोन पावलं पुढं जाऊन थांबले, पुन्हा दोन पावलं गेले. पिल्लानं एक पंजा पुढं टाकला आणि माझ्याकडं बघून कुईकुई केलं. मी दार लावून घेतलं.

कुईकुई थांबल्यावर खिडकी उघडली. गल्लीत मावशींशिवाय कुणी नव्हतं.

"गेले की," त्या म्हणाल्या, "दोघंबी."