पहिला फॉर्म

अंगणवाडीत वीस वर्षं काढल्यावर मला वाटायचं, फॉर्म भरून घेणं माझ्याइतकं कुणाला जमत नाही. त्या वर्षी मुलांच्या वागण्याचे फॉर्म आले. मूल मारतं का, दचकतं का, स्वतःला इजा करतं का. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकटी: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. खूण आईवडिलांनी करायची होती. त्यात फार वेळ जातो म्हणून मी घरोघर जाऊन प्रश्न मोठ्यानं वाचायची आणि खुणा स्वतःच करायची.

तासगावजवळच्या आमच्या गावात एक चार वर्षांची मुलगी होती. अंगणवाडीत ती कुणाशीच बोलायची नाही. तिच्या घरी गेले तेव्हा आई दारात उभी होती आणि उत्तरं आजी देत होती.

"कधीच न्हाई, लिवा. लय गुणाची पोर हाय."

"केस एवढे बारीक का केलेत?"

"उवा, दुसरं काय! तुमच्या अंगणवाडीतनंच आणल्यात."

मी हसले. सगळ्या खुणा 'कधीच नाही'वर केल्या. पाच मिनिटांत काम झालं.

आठवड्यानं तिची आई बेदाण्याच्या शेडवर भेटली. हातातलं काम टाकून मला बाजूला घेऊन गेली.

"बाई, उवा न्हवत्या. ती केस उपटती. झोपंतबी. म्हणून सासूबाईंनी बारीक केलं."

"मग त्या दिवशी का बोलली नाहीस?"

"तुमी मला कुठं इचारलं?"

दुसऱ्या दिवशी शेडवर कोरा फॉर्म नेला आणि पेन तिच्या हातात दिलं. बेदाण्यानं चिकट झालेल्या बोटांनी तिनं खुणा केल्या. तीन ठिकाणी 'नेहमी'.

"घरी कळंल का?"

"नाही," मी सांगून टाकलं.

तो फॉर्म मी वर पाठवला. तपासणीला सांगलीच्या दवाखान्यात बोलावल्याचा फोन त्यांच्या घरीच गेला. फॉर्मवर घरातला नंबर मीच लिहिला होता, आणि तो मोबाइल आजीजवळ असायचा. आईला किती बोलणी बसली ते मला शेजारणीकडून कळलं. पोरीला पाठवतील असं वाटेना.

ठरल्या दिवशी मी एसटी स्टँडवर जाऊन थांबले. तिघीही आल्या. आजी मला ओलांडून गाडीत चढली, आई मान खाली घालून मागोमाग. आजी नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. पोरीचे दोन्ही हात तिनं आपल्या मुठीत धरले होते. सवय असल्यासारखे, डोक्याकडे जाऊ नयेत म्हणून.

गाडी हलली तरी तिनं ते सोडले नाहीत.